आणखी काय बदलले?

माजी विद्यार्थी संघाचे पत्र आले तेव्हा मी थोडा संकोचलो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहावे, असे त्यात सुचविले होते. माझ्याहून मोठ्या पदांवर पोहोचलेले विद्यार्थी या विषयावर अधिक अधिकाराने लिहितील. मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्प निदेशक. निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. सांगण्यासारखे मोठे कर्तृत्व माझ्याजवळ नाही. मात्र २०२४ च्या मे महिन्यात नागपूरला बहिणीच्या घरी एक प्रसंग घडला. तो संगणकावरच्या खेळाचा आहे. स्मरणिकेत असा विषय कशाला, अशी शंका काही वाचकांना येईल. पण त्या प्रसंगाने मला एक्केचाळीस वर्षे मागे, आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर नेऊन बसविले. म्हणून तोच सांगतो.

माझी धाकटी बहीण नागपूरच्या एका वस्तीत राहते. ती अंगणवाडी सेविका आहे. तिचा मुलगा त्या वर्षी तंत्रनिकेतनात संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. संगणकावर खेळ खेळण्याचा नाद त्याला आहेच. पण असे खेळ स्वतः बनवावेत, त्यातील रस्ते, घरे, माणसे त्रिमितीय रूपात उभी करावीत, ही त्याची खरी इच्छा. त्या कामाचे सॉफ्टवेअर त्याच्या चार वर्षे जुन्या संगणकावर धापा टाकत चालत असे. चांगले ग्राफिक्स कार्ड हवे, असे तो वर्षभर सांगत होता. शेवटी बहिणीने बचत गटातून चौदा हजार रुपयांचे कर्ज उचलले आणि वस्तीतच संगणक दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका तरुणाकडून वापरलेले, पण चांगल्या क्षमतेचे कार्ड घेतले. हा तरुण आपल्याच शाळेचा. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी तो त्याच वसतिगृहात राहून शिकला. “आपल्या शाळेचा मुलगा आहे, फसवणार नाही,” असे मीच बहिणीला म्हणालो होतो.

कार्ड बसविले त्या रविवारी मी तेथेच होतो. भाच्याने कॅबिनेट आडवे केले, जुने कार्ड काढले, नवे खाचेत दाबून बसविले, विजेची जोडणी केली. मशीन उघडलेच आहे तर चार वर्षांची धूळही काढावी, म्हणून मी ब्रश घेऊन आतला पंखा वगैरे स्वच्छ करून दिला. संगणक सुरू झाला, पडद्यावर नव्या कार्डाचे नाव दिसले. भाच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून बहिणीने गोड केले. संध्याकाळच्या गाडीने मी माझ्या गावी परतलो.

आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला. आवाज चिडलेला होता. “दादा, त्या कार्डात काही दम नाही. पोरगा म्हणते, जुनं बरं होतं.” मी भाच्याला फोन द्यायला सांगितले. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ जुन्या कार्डावर सेकंदाला पंचेचाळीस-पन्नास फ्रेम देत असे. नव्या कार्डावर सुरुवातीची दोन मिनिटे तो पाण्यासारखा सरळ चाले, मग आकडा पंचवीसच्या खाली घसरे आणि गाडी अडखळत अडखळत पुढे जाई.

ज्या वाचकांचा या गोष्टींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. हालचाल सलग वाटावी म्हणून हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. पण गाडी कोठे वळली, समोरून कोण आले, आता काय रंगवायचे, हा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो आणि कार्डाला कळवितो. बांधकामावर गवंडी आणि माल कालवून देणारा मजूर यांची जशी जोडी असते, तशीच ही जोडी. गवंडी कितीही कुशल असो, घमेले वेळेवर आले नाही तर त्याला थापी हातात धरून बसून राहावे लागते.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही त्या दिवशी फोनवर मी घाईने निदान केले. “सुरुवातीला चांगले चालते आणि मग मंदावते, म्हणजे कार्ड तापते आहे. माइनिंगमध्ये वापरलेले कार्ड दिसते. त्याने आपल्या गळ्यात मारले असेल.” या शंकेला काही आधार नव्हता असे नाही. आभासी चलन मिळविण्यासाठी हजारो ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस राबविली जात असत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, त्या कामासाठी कार्डांची गरज उरली नाही आणि अशी थकलेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात आली. पण शंकेला आधार असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. मी मशीन पाहिले नव्हते, काही मोजले नव्हते. शिक्षकाच्या तोंडून निघालेला अंदाज ऐकणाऱ्याला निकालासारखा वाटतो, याचेही भान मला राहिले नाही.

बहीण त्याच संध्याकाळी दुकानात गेली. तेथे दोन गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यासमोर ती म्हणाली, “आपलं माणूस समजून तुझ्याकडून घेतलं, अन् तू आम्हालाच फसवलं. माझा भाऊ मास्तर आहे, त्यानंच सांगितलं.” त्या तरुणाने वाद घातला नाही. “ताई, कार्ड घेऊन या, पैसे परत करतो. फक्त एकदा मशीन दाखवा,” एवढेच तो म्हणाला. मशीन दाखविण्याची गरज बहिणीला वाटली नाही. ही गोष्ट बचत गटातल्या बायकांपर्यंत पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी नागपूरला गेलो, ते कार्ड परत करण्याच्या तयारीनेच. कार्डाचा खोका टेबलावर काढून ठेवलेला होता. जेवणे झाल्यावर भाचा हळूच म्हणाला, “मामाजी, परत करण्याआधी एकदा तपासून पाहू ना. तो म्हणत होता, मशीन दाखवा. आपण दाखवलीच नाही.”

मुलाच्या त्या वाक्याने मी चपापलो. कारण अगदी असाच न्याय एकदा माझ्या वाट्याला आला होता.

ते वर्ष १९८३. मी आठवीत होतो. आपल्या वसतिगृहात तेव्हा एकच टेपरेकॉर्डर होता, रेडिओ असलेला. संध्याकाळच्या बातम्या त्यावरच ऐकायच्या आणि जयंतीला भीमगीतेही त्यावरच वाजायची. विजेचा भरवसा नसल्याने तो बहुधा सेलवर चालविला जाई. १४ एप्रिलला दोन दिवस उरले असताना तो एकाएकी मुका झाला. शेवटची कॅसेट मी बदलली होती. त्यापूर्वी एकदा मी एका मुलाची टॉर्च उघडून पुन्हा जोडू शकलो नव्हतो, हेही सर्वांना माहीत होते. तेवढे पुरेसे झाले. “यानेच बिघडवला,” असे पहिल्यांदा कोण म्हणाले ते आठवत नाही. जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळेच तसे म्हणत होते. मी जेवलो नाही. रात्री पत्र्याच्या पेटीत कपडे भरले आणि पहाटेच्या एसटीने घरी निघून जायचे ठरविले. त्या पहाटे मी गेलो असतो तर परत आलो नसतो, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. घरी मला शेतावर कामाला जोडून घेणारे हात तयारच होते.

अधीक्षक गुरुजींनी फाटकाजवळ मला गाठले. पेटीकडे पाहिले, पण त्याविषयी काही विचारले नाही. “चल, टेप पाहू,” एवढेच म्हणाले. आम्ही ओट्यावर बसलो. गुरुजींना यंत्रातले फारसे कळत नव्हते. ते प्रश्न मात्र विचारीत गेले.

“शेवटी नीट कधी वाजला?”

मी आठवून सांगितले, की तीन-चार दिवसांपासून गाणे जरा ओढल्यासारखे, जड आवाजात वाजत होते.

“म्हणजे कालच बिघडला असे नाही. काल काय बदलले?”

“कॅसेट.”

“बरे. त्याआधी आणखी काय बदलले?”

मी गप्प राहिलो. आदल्या आठवड्यात सेल बदलले गेले होते आणि ते स्वतः गुरुजींनी घातले होते. मी बोलत नाही असे पाहून त्यांनीच मागचे झाकण उघडले. आत चार सेल होते, दोन नवे आणि दोन जुने. पैसे वाचावेत म्हणून त्यांनी दोनच नवे आणले होते. नव्यांच्या जोडीला घातलेल्या जुन्यांपैकी एक पाझरला होता आणि त्याच्या क्षाराने स्प्रिंग पांढरी पडून गंजली होती. दमलेला सेल ताज्या सेलांबरोबर एकाच रांगेत राबविला की बहुधा असेच होते, हे मला पुढे शिक्षणात कळले. गुरुजींनी पात्याने स्प्रिंग खरवडली, चार नवे सेल मागविले आणि टेप बोलू लागला.

त्या संध्याकाळी सर्व मुलांसमोर उभे राहून ते म्हणाले, “टेप माझ्या हातून बिघडला. जुने आणि नवे सेल मी एकत्र घातले. या मुलाचा काही दोष नाही.” त्यांनी उपदेश केला नाही, आम्हा मुलांना रागावलेही नाहीत. मी पेटीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले.

भाच्याचे बोलणे ऐकल्यावर मी खोका बाजूला ठेवला आणि त्याला वही आणायला सांगितले. नियम दोनच केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर तीच शर्यत दहा मिनिटे चालवून आकडा लिहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुन्हा आला तर आपण तेथेच असतो.

पहिल्यांदा मॉनिटरची केबल पाहिली. ती चुकून मदरबोर्डच्या जागेत लावली तर नवे कार्ड नुसतेच बसून राहते आणि प्रोसेसरमधली साधी चित्रव्यवस्था काम करते. पुष्कळांची हीच चूक होते. आमची केबल कार्डालाच होती.

नंतर वीज. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आठ पिनांच्या वेगळ्या जोडणीतून आणखी १५० वॅट. जोडणी घट्ट होती आणि पॉवर सप्लायची क्षमता पुरेशी होती.

मग खाच. भाचा एकदम ओरडला, “मामाजी, हे पाहा, पीसीआय एक्स्प्रेस १.१ दाखवते! ३.० पाहिजे होतं.” क्षणभर मलाही वाटले, सापडले. पण काम नसताना वीज वाचविण्यासाठी कार्ड आपला दुवा मंद करून ठेवते. खेळ सुरू केल्यावर तोच आकडा ३.० झाला आणि सोळाही मार्गिका जोडलेल्या दिसल्या. नीट न वाचलेले मापही माणसाला फसविते.

त्यानंतर ड्रायव्हर. जुने कार्ड वेगळ्या कंपनीचे होते आणि त्याचे अवशेष संगणकात राहिले होते. सेफ मोडमध्ये जाऊन ते पूर्णपणे काढले आणि नव्या कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. अडखळणे थोडे कमी झाले, दोष गेला नाही.

मग खेळाच्या आतील मांडणी तपासली आणि एक गंमत दिसली. मोठे कार्ड आले हे ओळखून खेळाने सावल्या, प्रतिबिंबे, दूरचे देखावे सारे स्वतःहून सर्वांत वरच्या दर्जावर नेऊन ठेवले होते. म्हणजे आम्ही जुन्या कार्डाच्या हलक्या ओझ्याची तुलना नव्याच्या जड ओझ्याशी करीत होतो. सर्व मांडणी पूर्वीसारखी केली. सुरुवातीचा आकडा शंभराच्या पुढे गेला, भाच्याने टाळी वाजविली, आणि दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा तिशीच्या आत आला.

रात्रीचा एक वाजला होता. पडद्याच्या कोपऱ्यात आम्ही कार्डाचे तापमान आणि त्याच्यावरचे काम दाखवीत ठेवले होते. तापमान अठ्ठावन्न अंश होते, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात उत्तमच. आणि काम? जेमतेम चाळीस टक्के. आकडा घसरताच कामही घसरत होते. ज्याच्यावर आम्ही आळशीपणाचा आणि फसवणुकीचा आरोप ठेवला होता तो गवंडी अर्धा वेळ रिकामा बसून घमेल्याची वाट पाहत होता.

सकाळी उठल्यावर मी भाच्याला जुने कार्ड परत बसवायला सांगितले. खरे म्हणजे ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती. तीच शर्यत, तोच रस्ता, तीच मांडणी. जुने कार्ड पूर्वी पंचेचाळीस-पन्नास देत असे. आता तेही काही मिनिटांत वीस-बावीसवर आले. नव्या कार्डाची निर्दोषता यापेक्षा स्पष्ट कशाने होणार? जो दोष कार्ड काढल्यावरही जागेवरच राहतो तो कार्डाचा कसा असेल?

मी वहीवर पेन टेकवून बसलो. त्या रविवारी कार्ड बदलले. त्याच दिवशी आणखी काय बदलले?

उत्तर मला लगेच आले. वहीत लिहायला मात्र वेळ लागला. त्या रविवारी त्या मशीनला आणखी एकाचा हात लागला होता, आणि तो माझा होता.

आम्ही पडद्यावर आता प्रोसेसरचे तापमान आणून पाहिले. इतका वेळ आम्ही ज्याचा संशय होता त्याचेच तापमान पाहत होतो. खेळ सुरू होताच प्रोसेसर सत्तर, पंच्याऐंशी करीत दोन मिनिटांत शंभर अंशांवर पोहोचला. तेथे तो स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. चार गिगाहर्ट्झच्या आसपास धावणारा प्रोसेसर दीडच्याही खाली आला आणि त्याबरोबर फ्रेमचा आकडा कोसळला. सुरुवातीची दोन मिनिटे चांगली का जात होती, याचेही उत्तर त्यात होते. कशाला तरी तापते आहे, हे माझे फोनवरचे निदान खरेच होते. मी फक्त तापणारा दुसराच धरला होता.

संगणक बंद करून कॅबिनेट उघडले. प्रोसेसरवरच्या पंख्याला बोट लावले तर तो एका कोपऱ्यात हलला. हा पंखा चार काळ्या पायांनी मदरबोर्डला पकडून असतो. पायाच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरविले की पाय सुटतो आणि पुन्हा बसविण्याआधी तो उलटा फिरवून घ्यावा लागतो. धूळ काढताना मी पंखा उचलला होता. परत बसविताना चारही पाय दाबले; पण एक उलटा फिरविलाच नव्हता आणि तो अडकलाच नाही. दुसरी चूक याहून लाजिरवाणी. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाचा पातळ थर असतो. एकदा तो उकलला की पुसून नवा लावावा लागतो. मी चार वर्षांचा वाळलेला थर तसाच ठेवून वर पंखा दाबला होता. ट्रान्झिस्टरला हीट सिंक लावताना हे मलम का लावायचे, हे मी किती वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवीत आलो आहे! भाच्याने ते पाहिले आणि मान खाली घातली. मामाजींचा मान राखण्यासाठी तो काही बोलला नाही, हे मला अधिक लागले.

मलम आणण्यासाठी जवळचे दुकान एकच होते.

मी एकटाच गेलो. तो तरुण काहीतरी डाग देत बसला होता. मला पाहून उठला. “जय भीम, काका.” कार्ड परत घ्यायला आलो असे समजून त्याने गल्ल्याकडे हात नेला. मी त्याला थांबविले आणि सर्व सांगितले, पंख्याचा पाय, वाळलेले मलम आणि फोनवरचे माझे वाक्यसुद्धा. दुकानात एक मुलगा मोबाइल दुरुस्तीला घेऊन उभा होता. त्याच्यासमोरच सांगितले, कारण आरोपही लोकांसमोरच झाला होता.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, कार्ड चांगलं आहे हे मला माहीत होतं. मी दोन दिवस चालवून दिलं होतं. पण आपल्या शाळेचा म्हणून घेतलं अन् आपल्याच शाळेच्यानं फसवलं, असं वस्तीभर झालं. दोन जण मशीन दुरुस्तीला देणार होते, ते आलेच नाहीत. मला तर इथंच दुकान चालवायचं आहे.”

यावर मी काय बोलणार? मी मलमाची छोटी नळी घेतली. त्याने तिचे पैसे घेतले, आणि घेतले ते बरे केले. फुकट दिली असती तर मला ती नेववली नसती.

जुना थर पुसून नवे मलम लावले, चारही पाय आवाज येईपर्यंत दाबले, नवे कार्ड परत बसविले. खेळ तासभर चालविला. प्रोसेसरचे तापमान अठ्ठ्याहत्तरच्या वर गेले नाही आणि फ्रेमचा आकडा नव्वदच्या खाली आला नाही. भाच्याने वहीत शेवटची ओळ लिहिली.

बहिणीला सांगणे सोपे नव्हते. “झालं ते झालं. आता पुन्हा काढून काय करायचं?” ती म्हणाली. तिचेही बरोबर होते; तिने माझ्याच शब्दावर विश्वास ठेवला होता. मी तिला टेपरेकॉर्डरची गोष्ट सांगितली. आमच्याच घरची असून ती तिला ठाऊक नव्हती. मी पेटी भरली होती हे मी घरी कधी सांगितलेच नव्हते. तिने ऐकून घेतले आणि कामाला लागली. पुढच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. बचत गटाच्या बैठकीत हप्ता भरताना आई उभी राहिली आणि म्हणाली, “कार्ड चांगलं होतं. माझ्या भावानं पंखा बरोबर बसवला नव्हता. मी न विचारता त्या पोराला बोलली, ते चुकलं.” इतके बोलून ती खाली बसली, असे त्याने सांगितले.

त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक पुढे दुकानात परत आला. दुसरा आला नाही.

गुरुजी आज हयात नाहीत. वसतिगृहाच्या त्या ओट्याच्या जागी आता पक्की इमारत उभी आहे, असे ऐकतो. त्यांनी मला इलेक्ट्रॉनिक्स शिकविले नाही. त्यांना ते येतच नव्हते. एखादी गोष्ट बिघडली की ज्याचा हात शेवटी लागला त्याला धरायचे, ही सवय माणसाच्या मनात खोल असते. नव्याने आलेल्या वस्तूवर आणि ज्याच्यामागे कोणी नाही अशा माणसावर संशय लवकर बसतो, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. त्या सवयीपुढे गुरुजींनी एक साधा प्रश्न ठेवला आणि उत्तर स्वतःकडे आले तेव्हा ते सर्वांसमोर सांगितले. मी तो प्रश्न इतकी वर्षे विद्यार्थ्यांना विचारीत आलो. स्वतःला विचारायला मात्र एका भाच्याने आठवण करून द्यावी लागली.

या वर्षीपासून माझ्या कार्यशाळेत प्रात्यक्षिकाच्या वहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थी तो प्रश्न लिहून घेतात. त्याखाली मी त्यांना दुसरी एक ओळ लिहायला सांगतो: बदल करणाऱ्यांच्या यादीत आपले नाव आधी लिहावे. शाळेने मला काय दिले, असे संघाने विचारले आहे. माझ्याजवळ द्यायला एवढेच उत्तर आहे.